डोक्याच्या गोळ्या : सुरू करताना आणि सोडताना



आपल्या वस्तीत बीपीची गोळी खाणारा माणूस चारचौघांत पाकीट काढतो. शुगरवाली मावशी तर "जेवणाआधीची राहिली गं बाई" म्हणून सगळ्या चाळीला ऐकवते. पण ज्याला उदासीनतेच्या आजारावर, म्हणजे आता घरोघर ज्याला डिप्रेशन म्हणतात त्यावर गोळ्या चालू आहेत, तो त्या उशीखाली, तांदळाच्या डब्यात नाहीतर कामाच्या पिशवीच्या तळाशी ठेवतो. सासूला कळू नये, शेजारणीला कळू नये, मुलीच्या सोयरिकीत आड येऊ नये. ही भीती आम्हाला समजते. मात्र लपवलेल्या गोळीवर कोणाचीच नजर राहत नाही, आणि ही गोळी अशी आहे की तिच्यावर घरातल्या निदान एका शहाण्या माणसाची नजर असलीच पाहिजे. आजचा लेख त्या माणसासाठी आहे.

आम्ही डॉक्टर नाही, कारकून आहोत. रविवारी लोकांचे अर्ज लिहून देणे, कोणाबरोबर सरकारी दवाखान्यात जाऊन केसपेपर काढणे, औषधाच्या खिडकीसमोर रांग लावणे, असे करता करता जे पाहिले आणि डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, तेवढेच येथे मांडतो. कोणती गोळी घ्यावी हे आम्ही सांगणार नाही. ते काम डॉक्टरचे. मात्र बहुतेक घोटाळे आम्ही दोनच ठिकाणी पाहिले : गोळी सुरू केल्यानंतरचे पहिले काही आठवडे, आणि गोळी सोडण्याची वेळ. मधले महिने त्या मानाने बरे जातात.

आधी एक गैरसमज. लोक या सगळ्या गोळ्यांना सरसकट "झोपेची गोळी" म्हणतात. ते चूक आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या उदासीनतेवरच्या गोळ्या. त्या रोज घ्यायच्या असतात, त्यांचा गुण हळूहळू येतो, आणि दारूसारखी त्यांची तलफ लागत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या निराळ्या. त्यांनी तासाभरात बरे वाटते, झोप लागते, पण बरेच दिवस घेतल्या तर सवय जडते. डॉक्टर कधी कधी सुरुवातीच्या थोड्या दिवसांपुरती ही दुसरी गोळी जोडीला देतात. पुढे होते असे की, दोन आठवड्यांसाठी लिहिलेली ही गोळी माणूस मेडिकलमधून मागून मागून दोन वर्षे खातो, आणि ज्या गोळीने खरा गुण यायचा ती मात्र "काही फरकच पडत नाही" म्हणून बंद करतो. उलटा कारभार ! बाजारात दोन्ही औषधे एकत्र असलेल्या गोळ्याही सर्रास मिळतात. म्हणून पाकिटावरचे मोठे नाव पाहू नका, त्याखाली बारीक अक्षरात औषधाचे मूळ नाव असते ते वाचा. इंग्रजी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. एका घरात दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवरची दोन वेगळ्या नावांची पाकिटे आम्ही पाहिली. आत औषध एकच होते, आणि बाई दोन्ही घेत होती.

आता पहिल्या आठवड्यांविषयी. या गोळ्यांचा त्रास आधी येतो आणि गुण नंतर. मळमळ, डोके दुखणे, पोट बिघडणे, घाम, तोंडाला कोरड, झोप उडणे किंवा फार येणे, हे पहिल्या आठ-पंधरा दिवसांत होऊ शकते आणि बहुतेकांचे आपोआप कमी होते. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला सहा-आठ आठवडे. आपल्या लोकांचा हिशोब मात्र तापाच्या गोळीचा असतो. तिसऱ्या दिवशी उतार नाही म्हणजे डॉक्टर वाईट. रोजंदारी बुडवून ज्याने दवाखान्यात खाडा केला आहे, त्याला दीड महिना थांब म्हणणे जड जाते हे खरे आहे. म्हणून ही गोष्ट पहिल्याच दिवशी, घरातल्यांच्या समोर, डॉक्टरच्या तोंडून ऐकून घ्यावी. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर चालेल का, झोप उडत असेल तर सकाळी घेऊ का, हेही तेव्हाच विचारावे. डॉक्टर घाईत असतात, रांग मोठी असते, तरी विचारावे. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

सुरुवातीला, आणि डोस वाढवल्यावरही, गुंगी येऊ शकते. रिक्षा चालवणारे, कारखान्यात मशीनवर उभे राहणारे, परातीवर चढून रंगकाम करणारे आपले बांधव आहेत. गोळीने आपल्याला कसे होते हे कळेपर्यंत त्यांनी ते काम टाळावे, निदान मुकादमाकडून खालचे काम मागून घ्यावे. कारण सांगायचे नसेल तर चक्कर येते एवढे सांगितले तरी पुरे.

याहून महत्त्वाची गोष्ट तरुण मुलांची. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली या गोळ्यांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला आणि २००७ साली तो २४ वर्षे वयापर्यंत वाढवला. मुलांवर झालेल्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा असे दिसले की, नुसती पिठाची गोळी दिलेल्या शंभरांपैकी सुमारे दोघांत जीव देण्याचे विचार किंवा तसे वागणे दिसले, तर औषध दिलेल्या शंभरांपैकी सुमारे चौघांत. त्या चाचण्यांत कोणी जीव दिला नव्हता. २४ वर्षांवरील माणसांत असा वाढीव धोका आढळला नाही, आणि ६५ वर्षांवरील माणसांत तो उलट कमी झालेला दिसला. म्हणजे मुलाला गोळी देऊच नये असा याचा अर्थ नाही. न उपचार केलेला आजार स्वतःच जीव घेतो. अर्थ एवढाच की, मुलगा, मुलगी किंवा तरुण सून गोळीवर असेल तर पहिले काही आठवडे, आणि डोस बदलेल तेव्हा, घराने डोळ्यांत तेल घालून पाहावे. डॉक्टर एक कारण असे सांगतात की, मनावरचे ओझे उतरण्याआधी अंगातली मरगळ उतरते. जो उठूही शकत नव्हता त्याच्यात उठण्याचे बळ येते, पण मन अजून अंधारातच असते.

काय पाहायचे ? एका जागी बसवत नाही, सारख्या येरझाऱ्या, चिडचिड, रात्र रात्र जागरण, निरवानिरवीची भाषा. यातले काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि सरळ विचारावे, "बाळा, जीव नकोसा वाटतो का ?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे.

याच्या उलटही होते. आठवड्यापूर्वी न बोलणारा माणूस एकाएकी अखंड बोलू लागतो, झोप दोन तासांवर येते तरी थकत नाही, उसने काढून खरेदी करतो, मोठमोठे बेत सांगतो. घरातले खुशीत येतात, "बघा, गोळी लागू पडली !" अशी खुशी लगेच डॉक्टरला कळवावी. काही जणांचा आजार नुसत्या उदासीनतेचा नसून चढ-उताराचा असतो, आणि ही गोळी एकटी दिली तर तो चढ आणू शकते. घरात पूर्वी कोणाला असे झाले असेल, अगदी आजोबांना किंवा आत्याला, तर पहिल्याच भेटीत सांगावे. ती घरची बदनामी नाही, ती डॉक्टरला लागणारी माहिती आहे.

सोडण्याची वेळ म्हणजे दुसरे दार, आणि आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त लोक इथेच पडतात. दोन-तीन महिन्यांत बरे वाटू लागते. माणूस म्हणतो, आता मी बरा, कशाला खाऊ ? किंवा गावी यात्रेला जातो आणि गोळ्या इकडेच राहतात. किंवा महिन्याच्या शेवटी पैसे नसतात. गोळी एका झटक्यात बंद होते. दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, भलतीसलती स्वप्ने, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे सुरू होते. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, आजार उलटला. दुसरा म्हणतो, बघा, व्यसन लावले डॉक्टरांनी. दोन्ही खरे नसते. शरीर त्या औषधाला सरावलेले असते आणि ते अचानक काढून घेतल्याचा तो त्रास असतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या औषधांत तो जास्त, फ्लुओक्सेटिनमध्ये कमी, कारण ते शरीरातून उतरायला काही आठवडे घेते. बहुतेकांचा त्रास एक-दोन आठवड्यांत शमतो, काहींचा बराच लांबतो. यावर उपाय म्हणजे डोस पायरी पायरीने उतरवणे. किती दिवसांत, किती मिलिग्रामने, हे डॉक्टरने ठरवायचे. शेजाऱ्याने "मी तर अर्धी अर्धी करून सोडली" सांगितले म्हणून आपण करू नये. काही गोळ्या अर्ध्या करायच्या नसतातच.

पहिल्यांदाच आजारी पडलेल्या माणसाने पूर्ण बरे वाटल्यानंतरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवावी, असे साधारण सांगितले जाते. आजार वारंवार आला असेल तर अधिक. बरे वाटणे हा गोळी सोडण्याचा दिवस नव्हे, तिथून ते सहा महिने मोजायला लागायचे. आम्ही आमच्या माणसांना एक साधी वही करायला लावतो. गोळी सुरू केल्याची तारीख, डोस, डोस बदलल्याची तारीख, बरे वाटू लागल्याची तारीख, आणि घरात किती गोळ्या शिल्लक आहेत तो आकडा. कारकुनी खोड म्हणा हवे तर. पण शिल्लक दहावर आली की दवाखान्यात जायचे, असे वहीत लिहिले म्हणजे पाकीट संपून खाडा पडत नाही. आणि सरकारी दवाखान्यात डॉक्टर बदलला तरी नव्या डॉक्टरला दोन मिनिटांत सगळा इतिहास कळतो.

गोळ्या सोडण्याचे एक कारण लोक तोंडाने सांगत नाहीत. या औषधांनी नवरा-बायकोच्या संबंधांत अडचण येऊ शकते, इच्छा कमी होते. लाजेपोटी पुरुष गोळी बंद करतो, स्त्रिया गप्प राहतात. डॉक्टरला हे रोजचे आहे. डोस कमी करता येतो, औषध बदलता येते. सांगितले तर.

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्या कामाचा आहे. या औषधांचा उगम टीबीच्या वॉर्डात आहे. १९५२ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू या क्षयरोग रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचे टीबीचे नवे औषध देऊन पाहत होते. रोगी नुसते सुधारले नाहीत, तर हसू-बोलू लागले, जेवण मागू लागले. त्यावरून त्याचा मनाच्या आजाराशी संबंध लक्षात आला. यकृताला बाधते म्हणून ते औषध पुढे मागे पडले. पण टीबीची आणि मनाची औषधे एकमेकांच्या वाटेत येतात ही गोष्ट आजही खरी आहे. बिघडलेल्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत लिनेझोलिड नावाचे औषध देतात. उदासीनतेच्या गोळीबरोबर ते एकत्र आले तर शरीरात सेरोटोनिन नावाचे द्रव्य फार वाढण्याचा धोका असतो. अंग थरथरते, ताप चढतो, घाम फुटतो, छाती धडधडते, हातपाय ताठ होतात, माणूस बरळतो. असे दिसले तर तडक मोठा दवाखाना. वेदनेवरचे ट्रॅमाडॉल आणि खोकल्याच्या काही औषधांत असणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांनीही हे होऊ शकते. टीबीचे नेहमीचे रिफाम्पिसिन दुसऱ्या प्रकारे आड येते. ते काही मनाच्या औषधांचा शरीरातला अंश कमी करते, म्हणजे गोळी घेऊनही गुण दिसेना. टीबीच्या दवाखान्यात डोक्याच्या गोळ्या, आणि डोक्याच्या दवाखान्यात टीबी, दोन्हीकडे दोन्ही सांगायचे. लपवायचे नाही.

आणि अंगदुखीची गोळी ! दिवसभर पाटी वाहिलेला माणूस संध्याकाळी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन घेतो. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांच्या जातीच्या औषधांबरोबर त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे वॉर्फरिन चालू असेल त्याने तर जास्त जपावे. काळी शी, सहज पडणारे काळे-निळे डाग याकडे डोळेझाक करू नये. दुखण्यावर काय चालेल ते डॉक्टरलाच विचारून वहीत लिहून ठेवावे. दारूविषयी जास्त लिहीत नाही. या गोळ्या आणि दारू एकत्र नको, आणि "आज प्यायची आहे म्हणून आज गोळी नको" हा तर शुद्ध आत्मघात. पंचशील रोज म्हणणाऱ्याला ते पुन्हा का सांगावे लागावे ?

म्हाताऱ्या माणसांत आणखी एक गोष्ट होते. रक्तातले मीठ, म्हणजे सोडियम, उतरते. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अधिकच. आजी एकाएकी गोंधळल्यासारखी बोलते, तोल जातो, पडते. घरातले म्हणतात वय झाले. वय एका आठवड्यात होत नसते. रक्त तपासून घ्यावे.

अमिट्रिप्टिलिन हे जुने औषध अजून पुष्कळ लिहिले जाते, डोकेदुखी आणि नसांच्या दुखण्यावरही. त्याने तोंड कोरडे पडते, शौचाला कडक होते, उठताना भोवळ येते. काचबिंदू, लघवी अडकण्याचा त्रास किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी सांगावे. हे औषध एकदम जास्त पोटात गेले तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत सगळे हाताशी असते, म्हणून गोळ्या पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवाव्यात आणि किल्ली घरातल्या जबाबदार माणसाकडे असावी. जीव द्यायचे विचार ज्याला येतात त्याच्या हाती रोजची एकच गोळी द्यावी. लहान मुले गोळ्यांना चॉकलेट समजतात, त्यांच्यासाठीही हेच कुलूप.

कोणी जास्त गोळ्या घेतल्याच, तर मिठाचे पाणी पाजून ओकवत बसू नका. रिकामी पाकिटे बरोबर घ्या आणि सरकारी दवाखाना गाठा. माणूस बोलतोय, चालतोय म्हणून थांबू नका, पहिले काही तास तसेच फसवे असतात. पोलीस केसच्या भीतीने लोक घरीच थांबतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या ११५ व्या कलमाने अशा माणसावर तीव्र ताण होता असेच धरायचे आहे, आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. दवाखान्यात पोलीस नोंद होईल, चार प्रश्न विचारतील. त्याला भिऊन माणूस गमावू नये.

उपचाराचा खर्च हा प्रश्न आहेच. खासगी डॉक्टरची फी परवडत नाही म्हणून मध्येच सोडण्यापेक्षा पहिल्यापासून सरकारी दवाखाना धरावा. जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि तिथे बाहेरून येऊन औषध घेऊन परत जाणारे पुष्कळ असतात. तिथे गेले म्हणजे कोंडून ठेवतात ही जुनी भीती सोडावी. कामगार विमा कापला जात असेल त्यांना त्या रुग्णालयांत उपचार मिळतात. जनऔषधी दुकानांत यातली बरीच औषधे स्वस्त मिळतात. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि फुकट आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. मराठीतूनही बोलता येते. गोळीचा त्रास होतोय आणि दवाखान्याची तारीख लांब आहे, अशा वेळी तिथे विचारता येते.

एक विनंती विपश्यनेला जाणाऱ्यांना. इगतपुरीला किंवा अन्यत्र दहा दिवसांच्या शिबिराला आपले पुष्कळ लोक जातात, चांगली गोष्ट आहे. पण काही जण जाण्याआधी गोळ्या स्वतःच बंद करतात, की आता साधनेने बरे होऊ, आणि अर्जात आजाराचा उल्लेख करीत नाहीत. अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधे यांविषयी विचारलेले असते, ते उगाच नाही. खरे लिहावे. आधी आपल्या डॉक्टरला विचारावे. "आत्ता नको" असे उत्तर आले तर ते मानावे, शिबिर पुढच्या वर्षीही असते.

जाता जाता एका भगिनीच्या पत्राला उत्तर. तिला दिवस गेले आहेत, सर्ट्रालिन चालू आहे, आणि सासूबाई म्हणतात पोटातल्या बाळासाठी आजच फेकून दे. ताई, फेकू नका आणि कोणाला न विचारता चालूही ठेवू नका. याच आठवड्यात मनोविकाराच्या डॉक्टरला आणि बाळंतपणाच्या डॉक्टरला, दोघांनाही, दोन्ही केसपेपर दाखवा. गरोदरपणात काही औषधे, उदाहरणार्थ पॅरोक्सेटिन, शक्यतो टाळतात. सर्ट्रालिन अनेकदा चालू ठेवतात, अंगावर पाजणाऱ्या आईलाही देतात. आईचा आजार उलटला तर बाळालाही ते सोसावे लागते, हा हिशोबही डॉक्टर मांडतील. जाताना सासूबाईंना बरोबर न्या. त्यांनी डॉक्टरच्या तोंडून ऐकले तर घरातला अर्धा त्रास कमी होईल.